‘निरंक’ लिहिण्यापूर्वी : प्रवेशअर्ज आणि आपली सेवा



बँकेत काम करणाऱ्यांना ‘निरंक’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. सांगण्यासारखे काही नसेल, तर तक्त्याच्या रकान्यात आम्ही निरंक लिहितो. गेल्या वर्षी जून महिन्यात हाच शब्द मला एका प्रवेशअर्जात दिसला. त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

आमच्या वाकडच्या विहारातील अभ्यासिकेत येणारी एक मुलगी बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाली. वडील चाकणला कंत्राटी कामगार, आई हिंजवडीच्या सोसायट्यांत घरकाम करते. समाजशास्त्राच्या पदवीसाठी तिने दोन महाविद्यालयांचे अर्ज भरले आणि तपासण्यासाठी मला दाखवले. ‘केलेले सामाजिक कार्य’ या रकान्यात तिने ‘निरंक’ लिहिले होते.

मी विचारले, “अगं, शनिवार-रविवारी विहारात मुलांना कोण शिकवतं?”

ती म्हणाली, “ते काय मावशी, ते तर आपलंच आहे. त्याचं सर्टिफिकेट कुठं आहे?”

या उत्तरात आपल्या समाजातील असंख्य विद्यार्थ्यांचे नुकसान दडलेले आहे. १९९७ साली वाकड महापालिकेत आले, तेव्हा येथे शेते होती. आज येथे उंच इमारती आहेत. तेथील काही मुलांचे अर्ज पैसे घेऊन मार्गदर्शन करणारे सल्लागार तपासतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्रांची फाईल असते. आपल्या मुलांकडे काम असते, पण फाईल नसते.

हे मी स्वानुभवाने सांगते. बी. ए. झाल्यावर समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी एके ठिकाणी मुलाखतीला गेले होते. “आपण काय कार्य केले?” असा प्रश्न आला. वस्तीतील बायकांचे रेशनकार्डाचे अर्ज मी तीन वर्षे भरून देत होते. पण कागद नाही म्हणून गप्प बसले. प्रवेश मिळाला नाही. बोलले असते तर मिळाला असता असे नाही. परंतु न बोलण्याची चूक माझीच होती.

हा रकाना कोठे उपयोगी पडतो?

प्रथम भ्रम नको. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर, अभियांत्रिकीचा सीईटीसारख्या परीक्षेवर आणि वैद्यकीय शाखेचा नीटवर ठरतो. तेथे सेवेने गुण वाढत नाहीत. मात्र जेथे निबंध किंवा मुलाखत असते, तेथे ती बोलते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत असते; अशोका विद्यापीठ निबंधही लिहून घेते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमाच्या मुलाखतीत तर हा प्रश्न येणारच, असे धरून चालावे.

परदेशातही हेच आहे. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांसाठी ‘कॉमन ॲप’ हा एकच अर्ज चालतो. त्यात जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला केवळ १५० अक्षरांची जागा असते. आठवड्याचे तास व वर्षातील आठवडे विचारले जातात. घरच्या जबाबदाऱ्यांसाठीही त्यात स्वतंत्र प्रकार आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणारी आपली मुलगी तेथे ते मोकळेपणाने लिहू शकते. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो व त्यात विनावेतन स्वयंसेवेचे तासही धरले जातात.

लिहावे कसे?

एक : तासांचा हिशेब करावा. आमची मुलगी आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी दोन तास शिकवीत असे. परीक्षा व सण वजा जाता वर्षाचे ४० आठवडे धरले, तर १६० तास होतात. तीन वर्षांचे ४८०. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत २४० तास नियमित काम अपेक्षित असते. म्हणजे ‘निरंक’ लिहिणाऱ्या मुलीचे तास त्याच्या दुप्पट होते!

दोन : विशेषणे नकोत, तपशील हवा. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. आम्ही तिचा रकाना असा भरला : ‘वाकड येथील बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत तीन वर्षे, शनिवार-रविवार, तिसरी ते सहावीच्या १४ मुलांना वाचन व गणित शिकवले. प्रारंभी पाच मुलांना जोडाक्षरे वाचता येत नव्हती. वर्षअखेर चौघे वाचू लागले.’ पाचवा वाचू शकला नाही, हेही त्यात आले.

तीन : पद खरे लिहावे. अध्यक्षपद नसताना ‘अध्यक्ष’ लिहू नये. ‘स्वयंसेवक शिक्षिका’ या शब्दांत कमीपणा नाही.

चार : काय धरावे, काय धरू नये, याचा विचार करावा. कार्यक्रमाला उपस्थित राहणे ही सेवा नव्हे. २५ डिसेंबर १९५४ रोजी पूज्य बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिवशी दरवर्षी तेथे जनसमुदाय लोटतो. वंदनेला जाणे वेगळे आणि दिवसभर उभे राहून पाणी वाटणे वेगळे. दुसरे लिहावे.

पाच : साक्षीदार ठेवावा. काम प्रत्यक्ष पाहिलेल्या शिक्षकाचे किंवा कार्यवाहाचे पत्र घ्यावे. ते नातेवाईक नसावेत. पत्रात त्यांनी पाहिले तेवढेच असावे.

मोह आणि शील

याच काळात तिच्या वडिलांना कोणीतरी सांगितले की, थोडे पैसे दिले तर एका संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. ते आमच्याकडे येऊन म्हणाले, “ताई, मंडळानेच ‘अध्यक्षा’ म्हणून लिहून द्यावे. पोरीचे भले होईल.” बापाची तळमळ मला समजत होती. तरीही आम्ही नकार दिला. आपण दर रविवारी पंचशील घेतो. त्यातील चौथे शील लेकीच्या अर्जापुरते बाजूला ठेवता येत नाही. शिवाय खोटी नोंद पुढच्या खऱ्या मुलांचाही विश्वास घालवते.

मुलाखतीत तिला विचारले, “तो पाचवा मुलगा का वाचू शकला नाही?” तिने सांगितले की, त्याला फळ्यावरचे नीट दिसत नव्हते आणि हे तिच्या फार उशिरा लक्षात आले. विकतच्या प्रमाणपत्राने हे उत्तर दिले नसते. तिला एका ठिकाणी प्रवेश मिळाला, दुसऱ्या ठिकाणी नाही. त्या मुलाला आता चष्मा आहे.

काही वडीलधारे विचारतील, सेवेचा गाजावाजा कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु न विचारता सांगणे म्हणजे गाजावाजा. विचारल्यावर खरे सांगणे म्हणजे हिशेब. हिशेब देण्यात संकोच कसला?

म्हणून माझी सर्व विहारांना व मंडळांना नम्र विनंती आहे. शंभर पानी वही आणावी. तारीख, नाव, काम, तास आणि सही असे पाच रकाने आखावेत. ज्या दिवशी काम, त्याच दिवशी नोंद. आमच्या विहारात ही वही आता दाराजवळच्या टेबलावर असते. पहिल्या पानावर पहिले नाव त्याच मुलीचे आहे. महाविद्यालयात गेली तरी ती रविवारी येते.

पुढल्या जूनमध्ये आपल्या एकाही मुलाने काम असताना ‘निरंक’ लिहू नये, एवढीच मंगल कामना.

जयभीम!