‘गिव्ह अप’ आणि ‘सोडून देणे’

मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने सधन ग्राहकांना स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केले. त्या मोहिमेचे ‘गिव्ह इट अप’ हे नाव तुम्हांला आठवत असेल. ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. परंतु येथे कोणी काही वर देत नाही. दोन्ही शब्द मिळून ‘सोडणे, त्यागणे’ असा एकच अर्थ सिद्ध होतो. कर्म नसेल, तर ‘गिव्ह अप’चा अर्थ ‘हार मानणे’ असा होतो.

शब्दक्रमही ध्यानात घ्यावा. कर्म नाम असेल, तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर चालते, ‘इट’सारखे सर्वनाम मात्र मध्येच यावे लागते. ‘गिव्ह अप इट’ ही रचना अशुद्ध होय.

आता मराठीकडे वळू. ‘त्याने नोकरी सोडून दिली’ या वाक्यात ‘कोणाला दिली?’ हा प्रश्न उद्भवत नाही, कारण ‘देणे’चा मूळ अर्थ तेथे उरलेलाच नाही. इंग्रजीत जे कार्य ‘अप’ करते, ते मराठीत धातुसाधितानंतर येणारे सहायक क्रियापद करते. शिवाय ते बोलणाऱ्याची वृत्तीही सांगते आणि अनुवादकाची कसोटी लागते ती येथेच. यवतमाळच्या बाजारात कापूस नेणाऱ्या शेतकऱ्याची तीन वाक्ये पाहा: ‘कापूस विकला’, ‘कापूस विकून टाकला’, ‘कापूस विकून बसलो’. पहिले केवळ वार्ता देते. दुसऱ्यात एकदाचे मोकळे झाल्याची भावना आहे. तिसरे वाक्य भाव चढल्यावर तोंडून निघते. त्यात हळहळ आहे, आणि झालेला व्यवहार आता फिरवता येत नाही हेही आहे. इंग्रजी ‘सेल ऑफ’ दुसऱ्या वाक्याच्या जवळ जाते. तिसऱ्यासाठी मात्र स्वतंत्र वाक्यच रचावे लागेल; अन्यथा इंग्रजी वाचकाला शेतकरी कापूस विकून खाली बसला, एवढेच कळेल!

(आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘फाडून टाकले’ऐवजी ‘फाडून देल्लं’ ऐकू येते. ती चूक नव्हे. सहायक क्रियापदाची ती निराळी निवड आहे.)

स्वाध्याय: ‘तिने पत्र वाचून दिले’ या वाक्याचे दोन अर्थ लिहा व कोणत्या अर्थी ‘देणे’ मुख्य क्रियापद आहे, ते सांगा. तसेच घरातील बोलण्यातून ‘-ऊन बसणे’ असलेली तीन वाक्ये टिपून त्यांचा इंग्रजी अनुवाद करून पाहा.