रात्री उपाशी कोण राहिलं?

प्रश्न : आमचं घराणं तंजावरहून पुण्याला आलं. आत्या मात्र तिथेच राहिली. आता ऐंशी उलटल्यावर तिने स्वतःहून एका खासगी वृद्धाश्रमात जायचं ठरवलंय. दारावर 'मुदियोर इल्लम' (तमिळमध्ये वृद्धाश्रम) अशी पाटी आहे, कचेरीत नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. पण अशा जागा तपासतं कोण? आणि त्या तपासणीवर विसंबावं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ते प्रमाणपत्र आधी नीट वाचून या. पुष्कळदा ते संस्थेच्या नोंदणीचं असतं. न्यास किंवा सोसायटी म्हणून नाव लागणं वेगळं, आणि म्हातारी माणसं सांभाळायला ही जागा योग्य आहे असं कुणी आत फिरून, पाहून सांगणं वेगळं.

या बाबतीतला मुख्य कायदा 2007 सालचा, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. त्याच्या कलम 19 नुसार राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचा आश्रम काढू शकतं आणि तिथल्या सोयींचे निकष ठरवू शकतं. 'शकतं' हा शब्द महत्त्वाचा, काढलाच पाहिजे असं बंधन नाही. खासगी वृद्धाश्रमांची सक्तीने नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं खरं, पण मंजूर झालं नाही. 2024 मध्ये सभागृह विसर्जित झालं आणि विधेयकही बारगळलं.

म्हणून तपासणी होते ती तुकड्यातुकड्यांनी. स्वयंपाकघर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे, आग लागली तर बाहेर पडायच्या वाटा अग्निशमन दलाकडे. केंद्राचं अनुदान घेणाऱ्या संस्थेची पाहणी होते, हिशेब तपासले जातात. अनुदान न घेणाऱ्या संस्थेला तोही धाक नाही. जिल्ह्यात समाजकल्याण अधिकारी असतो, त्याच्यावर जिल्हाधिकारी. पण आत्यांची रात्री कूस कोण बदलतं, गोळ्या वेळेवर मिळतात का, हे या सगळ्यांच्या मधल्या फटीतून निसटतं.

वृद्धांसाठी बांधलेल्या फ्लॅटच्या वसाहतींचीही तीच गत. फ्लॅटचा ताबा वेळेवर मिळाला नाही तर रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण आहे. जेवण, परिचारिका, रुग्णवाहिका यांची आश्वासनं मात्र करारात जेवढी लिहिली तेवढीच. केंद्राने 2019 मध्ये अशा वसाहतींसाठी नमुना मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या स्वीकारणं राज्यांच्या मर्जीवर.

इंग्लंडमध्ये 2009 पासून यासाठी स्वतंत्र आयोग आहे. त्याचे निरीक्षक पुष्कळदा न कळवता येतात, चार श्रेणींपैकी एक देतात, अहवाल सर्वांसाठी खुला ठेवतात, आणि मिळालेली श्रेणी आश्रमाला दर्शनी भागात लावावी लागते. तसा कागद तुम्हाला तंजावरात मिळणार नाही.

पण तंजावरातच एक जुना दाखला आहे, तोही मराठी राजाचा. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या भोसले राजांनी छत्रं, म्हणजे वाटसरूंना जेवण देणाऱ्या धर्मशाळा, बांधली होती. पट्टुक्कोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्राची इमारत आजही उभी आहे. राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यावर ही छत्रं तरी आपल्या हाती राहावीत म्हणून राजे दुसरे सरफोजी यांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. छत्रांत काय चालतं ते त्यात तपशिलाने येतं : सर्व जातींच्या वाटसरूंना भात, आजाऱ्याला बरं होईपर्यंत औषध आणि पथ्याचं जेवण, बाळंतिणीचा खर्च, परक्यांच्या पोरक्या मुलांना तीन वेळा जेवण आणि दर चार दिवसांनी तेल. शिवाय मध्यरात्री घंटा वाजे आणि पुकारा होई : ज्याला अन्न मिळालं नसेल त्याने पुढे यावं.

मला तपासणीची ही रीत सगळ्यांत शहाणपणाची वाटते. किती शिजलं हे कोठीच्या वहीत सापडेल, उपाशी कोण राहिलं ते मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा ही घंटा तुम्हालाच वाजवायची आहे. पहिल्या भेटीत मॅनेजरच्या खोलीत चहा घेण्याऐवजी जेवणाच्या वेळी पंगतीत बसा. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी जागे असतात ते विचारा. गोळ्यांचा तक्ता पाहा : पुढच्या आठवड्याच्या रकान्यांतही आजच सह्या झाल्या असतील तर काय ते समजा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत जायला कुणी अडवत असेल, तर आधी तीच खोली पाहायचा आग्रह धरा. पेन्शनचं पासबुक आत्यांकडेच राहील हे करारात लिहून घ्या, आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळणार तेही.

तक्रार करायची वेळ आली तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा देशभरचा मोफत दूरध्वनी आहे. लेखी अर्ज जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याकडे द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना.

आणि एक सोय तुमच्याकडे आहे, जी तिथल्या इतर अनेक नातेवाइकांकडे नाही. आत्यांना आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी फोन करा आणि मराठीतच बोला. शेजारी आश्रमाचं माणूस उभं असलं तरी आज भात कसा होता ते त्या तुम्हाला खरं सांगू शकतील.