रिपेअरचं काम घेताय? आधी इमारतीचा आजार ओळखा, मग दर सांगा



व्हिडिओत आपण जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा व्यवसाय ढोबळपणे पाहिला. आज वही-पेन घेऊन बसा, कारण आज निदान आणि हिशोब दोन्ही करायचे आहेत. या धंद्यात बुडणारे बहुतेक लोक काम येत नाही म्हणून बुडत नाहीत. भेग पाहून दर सांगतात आणि भेगेच्या आत काय चाललंय ते तोडल्यावर कळतं, म्हणून बुडतात.

काम येतं कुठून?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. मुंबईत तर महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब मध्ये ३० वर्षांवरच्या इमारतींसाठी तपासणी सक्तीची आहे. ऑडिट झालं की दुरुस्तीची यादी निघते. म्हणजे मागणी कायम आहे. प्रश्न आपल्या तयारीचा आहे.

काँक्रीट आजारी कसं पडतं?

हे नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब यावर उभा आहे.

नवीन काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच साधारण १२ ते १३. त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, पीएच उतरत जातो आणि तो थर निकामी होतो. समुद्राजवळ असाल तर मिठातले क्लोराइड हेच काम आणखी लवकर करतात. मग पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. सळई आतून फुगते, कव्हरला ढकलते, भेग पडते आणि एक दिवस छज्ज्याचा तुकडा खाली येतो. खाली कोण उभं असेल ते आपल्या हातात नसतं.

म्हणून भेगेवर लांबी भरून रंग मारला तर आजार तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो. पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत तो परत वर येतो आणि सोसायटी तुम्हालाच फोन करते.

भेग वाचायला शिका

- सळईच्या रेषेत जाणारी सरळ भेग, सोबत तपकिरी डाग: आत गंज आहे. हे आरसीसी दुरुस्तीचं काम.
- कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली सरळ भेग: दोन वेगळे पदार्थ ऊन-पावसात वेगवेगळे हलतात. खाच करून पॉलिमर मॉर्टर भरा, जाळी लावा.
- गिलाव्यावर जाळ्यासारख्या बारीक भेगा: बहुतेक वेळा गिलावा आकसल्यामुळे. रंगाआधीची किरकोळ दुरुस्ती.
- भिंतीत जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी भेग: पाया खचत असू शकतो. दर सांगू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

सोबत एक छोटा हातोडा ठेवा. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. इंजिनिअर रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ सेल अशा चाचण्या करतात. त्यांचा रिपोर्ट वाचता यायला हवा. एक सोपी चाचणी म्हणजे नुकत्याच तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारायचं. गुलाबी झालं तर अल्कधर्मीपणा शिल्लक आहे, रंग आलाच नाही तर तो भाग कार्बोनेट झालाय.

कामाचा क्रम, एकही पायरी गाळायची नाही

१. इंजिनिअरच्या सांगण्यानुसार टेकू लावा. कॉलम-बीम तोडायच्या आधी टेकू, नंतर नाही. इथे घाई केली तर माणसं जातात.
२. सुटलेलं काँक्रीट काढा. सळईच्या मागेही साधारण २० ते २५ मिमी जागा मोकळी करा. लांबीच्या दिशेने स्वच्छ सळई दिसेपर्यंत जा.
३. गंज घासून काढा. सळई जास्तच झिजली असेल तर नवी सळई इंजिनिअर ठरवेल.
४. सळईला झिंक प्रायमर लावा.
५. जुन्या काँक्रीटला बाँडिंग कोट द्या. तो चिकट आहे तोवरच मॉर्टर भरा. सुकला तर उपयोग शून्य.
६. पॉलिमर मॉर्टर थराथराने भरा. जाडी जास्त असेल तर शटरिंग करून मायक्रोकाँक्रीट.
७. क्युरिंग. किती दिवस, ते मालाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

माझ्या दुकानात येणारे काही ठेकेदार फक्त सहाव्या पायरीचा माल नेतात. बाकीच्या पायऱ्या कुठे गेल्या, ते बिलावरूनच कळतं!

आता हिशोब

समजा १ चौरस मीटर जागा ४० मिमी जाड भरायची आहे. घनफळ झालं ०.०४ घनमीटर. मॉर्टरची घनता घनमीटरला साधारण २,००० किलो धरली तर माल लागेल ८० किलो, वाया जाणारा वेगळा. तीच जागा २० मिमी असती तर ४० किलो. क्षेत्रफळ तेच, माल दुप्पट. म्हणून कोटेशनमध्ये फक्त 'प्रति चौरस फूट' लिहू नका, जाडीही लिहा. '४० मिमीपर्यंत हा दर, पुढच्या प्रत्येक १० मिमीला इतका जादा' असं स्पष्ट असू द्या.

आरसीसी दुरुस्तीचं काम एकरकमी घेऊ नका. आतलं नुकसान तोडल्यावरच दिसतं. प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे बिल, मोजमाप इंजिनिअरसोबत आणि प्रत्येक जागेचे तोडण्याआधीचे, तोडल्यावरचे, भरल्यावरचे फोटो. ही वही तुमचं पेमेंट वाचवते. परांचीचं भाडं, मलबा वाहतूक आणि पावसाने बसून राहिलेले दिवस हे तीन खर्च नवीन माणूस हमखास विसरतो.

आणि रिटेन्शन. समजा २० लाखांचं काम आहे, नफा १० टक्के, म्हणजे २ लाख. करारात ५ टक्के रक्कम एक वर्ष राखून ठेवायची अट आहे, म्हणजे १ लाख. तुमचा अर्धा नफा वर्षभर सोसायटीकडे अडकला. काम टिकलं तरच तो हातात येणार. त्यामुळे पायऱ्या गाळून वाचवलेले पैसे खरे वाचतच नाहीत.

वाडा किंवा दगडी इमारत असेल तर?

पुण्यातला जुना वाडा, कोकणातलं जांभ्या दगडाचं घर, मुंबईतल्या जुन्या दगडी इमारती, इथे सिमेंटची पिशवी बाजूला ठेवा. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना विटेपेक्षा मऊ असतो, थोडी हालचाल सोसतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. वरून कडक सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार साठतात, वीट भुसभुशीत होते आणि काही वर्षांत गिलावा पोपड्यासारखा सुटतो. मॉर्टर कधीही दगड-विटेपेक्षा कडक नको, एवढं लक्षात ठेवा. दरजा भरतानाही हाच नियम.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे वेळापत्रकात जास्त दिवस धरा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा आणि त्याला त्याचा रोज द्या. इमारत वारसा यादीत आहे का तेही तपासा. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, तिथे परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

सुरुवात कशी करायची?

पहिल्या वर्षी टेरेस वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भेगा, गिलाव्याची दुरुस्ती एवढंच घ्या. सोबत अनुभवी आरसीसी ठेकेदाराकडे एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. कॉलम-बीमचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सूचनेशिवाय घेऊ नका, पार्टी कितीही ओळखीची असली तरी.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जा. उंचावर चढू नका, काही तोडू नका. प्रत्येक कॉलम पाहा, हाताला पोचेल तिथे हलकेच वाजवा आणि वहीत चार रकाने करा: जागा, भेगेचा प्रकार, अंदाजे क्षेत्रफळ, संभाव्य कारण. दर लिहायचा नाही. दहा नोंदी झाल्या की पुढच्या व्हिडिओत त्याच वहीवरून आपण कोटेशन तयार करू.