उत्तरांचा पडताळा

अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यालगत हिवरखेड हे मोठे गाव आहे. डिसेंबरातील एका रविवारी, दिवस कलला असताना, गावच्या फाट्यावर एस.टी.तून चार मुले उतरली. तीन मुलगे व एक मुलगी. चौघेही इयत्ता आठवीत शिकत होते व तालुक्याच्या गावी शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन परतत होते.

ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा अधिक नाही, अशांच्याच मुलांना तीस बसता येते. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. परंतु साऱ्या महाराष्ट्राच्या वाट्यास अशा शिष्यवृत्त्या ११,६८२ च येतात. तेव्हा एका गुणानेही नाव यादीत येते किंवा राहून जाते. त्या मुलीचे आईवडील मजुरी करीत. पुढील शिक्षणाचा विचार तिच्या घरी या १२,००० रुपयांवरच येऊन थांबत असे.

वाटेने चालता चालता चौघांनी प्रश्नपत्रिका उघडल्या. गणिताची उत्तरे जुळली. विज्ञानाचीही बरीचशी जुळली. जीवशास्त्राच्या एका प्रश्नापाशी मात्र पावले थबकली. प्रश्न असा होता : कापसाचे तंतू वनस्पतीच्या कोणत्या भागावर वाढतात? पर्याय चार : खोड, पाकळी, फळाची साल, बीज.

"फळाची साल," वर्गनायक ठामपणे म्हणाला. "बोंड हे फळ आणि कापूस बोंडात. यात विचार तो काय करायचा?"

दुसऱ्या दोघांनीही तेच उत्तर दिले होते. वर्गनायकाचे उत्तर सहसा चुकत नसे. मुलीने हळूच सांगितले, "मी 'बीज' लिहिले."

तिघे गप्प झाले. त्या गप्प होण्यात कीव होती, आणि ती हसण्याहून अधिक बोचते. शाईने भरलेले वर्तुळ आता कोणालाही पुसता येणार नव्हते. एक गुण गेला, असे मानून मुलीने प्रश्नपत्रिकेची घडी केली व ती पुढे चालू लागली.

वाटेवरच्या शेतात कापसाची वेचणी चालली होती. वेचणाऱ्या बायांत मुलीची आईही होती. लेकीचा उतरलेला चेहरा पाहून तिने विचारपूस केली. वर्गनायकाने प्रश्न वाचून दाखविला. तो ऐकून आईला हसूच आले.

"अरे बापू, कापूस सरकीले धरून रायते, बोंडाले नाही. पाय ना सोडवून!"

तिने फुटलेले एक बोंड त्याच्या हातात दिले. त्याने कापूस उपसला. बोंडाची साल आतून स्वच्छ, कोरडी निघाली; तिला एकही तंतू चिकटलेला नव्हता. मग त्याने कापसाच्या पुंजक्यातील एक सरकी चिमटीत धरली आणि कापूस ओढला. तंतू सरकीच्या अंगावरून सुटून येऊ लागले. सरकी म्हणजेच कपाशीचे बी. त्याच्या बाहेरील थरातील पेशी लांब वाढतात, आणि तंतू होतात. एकेक तंतू म्हणजे एकेकच पेशी. एका बीवर असे हजारो तंतू असतात. ही मुले लहानपणापासून सरकी पाहत आली होती. परीक्षेच्या खोलीत मात्र तिघांना ती आठवली नाही.

वर्गनायक काही वेळ बोलला नाही. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली व आपल्या प्रश्नपत्रिकेवरील त्या प्रश्नापुढे फुली मारली. शिष्यवृत्तीची गरज त्यालाही होती. ते बोंड त्याने दप्तरात ठेवले.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या गुरुजींनी ते बोंड वर्गात फिरविले. मुलीने भीत भीत विचारले, "पण गुरुजी, परिषदेच्या उत्तरसूचीतच 'साल' आले तर?"

"म्हणून तर आधी अंतरिम सूची निघते," गुरुजी म्हणाले. "तिच्यावर आक्षेप घेता येतो. आक्षेप तपासून मग अंतिम सूची लागते." आणि त्यांनी २०२४ सालची हकीकत सांगितली. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली होती. एक नव्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे, दुसरे जुन्या आवृत्तीप्रमाणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांचे मत मागविले. त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरविले. दुसरे उत्तर देणारे चार लाखांहून अधिक होते. त्या प्रत्येकाचे पाच गुण कमी झाले.

"चार लाख!" मागच्या बाकावरून कोणीतरी उद्गारले. वर्गनायकाने मुलीकडे पाहिले. कालच्या वाटेवर तर विरुद्ध बाजूस तिघेच होते.

निकालास अद्याप अवकाश होता. शाळा सुटल्यावर मुलगी दप्तर घरी ठेवून आईच्या मदतीस शेतात गेली. तेथे तिला दिसले की, वर्गनायक बांधावर बसून आणखी एक बोंड सोलीत होता आणि त्यातील सरक्या मोजीत होता.