दुकानातील संगणक आणि लिनक्स : बदल करण्यापूर्वी काय पाहावे?



विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या पुरविणे मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास आणखी एक वर्षाची सवलत ठेवण्यात आली, परंतु ती केवळ मुदतवाढ होय. विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या आहेत, त्यांत २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक बसत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, बिले छापते, पत्रे लिहिते, तरीही ते मोडीत काढण्याची वेळ आली आहे असे सांगितले जाते.

दुरुस्त्या थांबल्या म्हणून संगणक बंद पडत नाही. धोका निराळा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. त्या दोषावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांना फटका बसला. ज्या संगणकाला दुरुस्ती मिळतच नाही, त्यातील उधारीची यादी आणि गिऱ्हाइकांचे पत्ते किती सुरक्षित असणार, याचा विचार प्रत्येकाने करावा.

अशा वेळी कोणाकडून तरी परवान्याशिवाय नवी प्रत ‘टाकून घेण्याचा’ मार्ग पुष्कळ जण धरतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कायद्याचे राहू द्या, पण कमाई हलाल राहावी म्हणून मापात पाप न करणाऱ्याने संगणकातील प्रतही त्याच तराजूत तोलून पाहावी.

यावर एक सरळ मार्ग आहे, तो लिनक्सचा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ मध्ये या कामाला आरंभ केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या ग्नू प्रकल्पाचे काम त्याला जोडले गेले. त्याचा परवाना प्रत काढण्याची, ती दुसऱ्याला देण्याची आणि त्यात बदल करण्याची मुभा देतो. म्हणून दहा संगणकांवर घातले तरी परवान्याचा प्रश्न येत नाही. मात्र ‘फुकट आहे, लावून टाका’ असे म्हणून घाई करणारे आठ दिवसांत परत फिरतात, असाच अनुभव आहे. याचे कारण क्रम चुकतो. आधी प्रोग्राम बदलावेत, प्रणाली शेवटी बदलावी. तो क्रम पुढीलप्रमाणे.

१) लिखापढी : लिब्रेऑफिस हा प्रोग्राम विंडोजवरही चालतो. तो आजच उतरवून घ्या आणि एक महिना कोटेशन, पत्रे, मालाची यादी त्यातच करा. साधे तक्ते बिनतक्रार उघडतात. एक्सेलमध्ये मॅक्रो घालून बनविलेले तक्ते मात्र पुष्कळदा चालत नाहीत. ते कोणते हे या महिन्यातच कळेल. गिऱ्हाइकाला कागद पाठविताना पीडीएफ करून पाठवावा, म्हणजे त्याच्याकडे मांडणी विस्कटत नाही.

२) मराठी आणि उर्दू मजकूर : लग्नपत्रिका आणि हँडबिले छापणाऱ्यांनी येथे विशेष सावध असावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन दिसतो. युनिकोडमधील मजकूर जसाच्या तसा उघडतो, आणि लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून निवडता येतो. उर्दूसाठी नोटो नस्तालिक हा मुक्त फॉण्ट उपलब्ध आहे. लिब्रेऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय चालू करावी लागते. १९९४ पासून आपल्या छापखान्यांत रुळलेल्या इनपेजच्या फाइली मात्र लिब्रेऑफिस उघडत नाही. त्यांतील मजकूर विंडोज असतानाच युनिकोडमध्ये काढून ठेवावा.

३) नक्षीकाम : इंकस्केप हा रेखाचित्रांचा मुक्त प्रोग्राम आहे. त्याला इंकस्टिच नावाची मोफत जोड मिळते. तिच्या साहाय्याने संगणकीकृत भरतकाम यंत्रासाठी टाके तयार करून डीएसटी फाइल काढता येते. ही फाइल बाजारातील पुष्कळ यंत्रे वाचतात. नाव, मोनोग्राम, लहान बुट्टी, साधी किनार यांसाठी ही जोड चांगली आहे. ज्याचा हात वर्षानुवर्षे दुसऱ्या प्रोग्रामवर बसला आहे, त्याला दाट भरणीच्या मोठ्या नक्षीकरिता बराच काळ सराव करावा लागेल. कापडाच्या तुकड्यावर नमुना काढल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या मालाला हात लावू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डीएसटी फाइलमध्ये केवळ टाके असतात, धाग्यांचे रंग नसतात, आणि ती लहानमोठी केली की टाक्यांची दाटी बिघडते. म्हणून इंकस्केपमधील मूळ चित्र नेहमी जपून ठेवावे.

४) हिशेब : येथेच बहुतेकांची गाडी अडते. टॅली हा विंडोजवरचा प्रोग्राम आहे आणि आपले हिशेबनीसही त्यालाच सरावलेले आहेत. ग्नूकॅश हा मुक्त प्रोग्राम जमाखर्चाची दुहेरी नोंद नीट ठेवतो, उधारी-वसुली दाखवितो, परंतु भारतीय जीएसटीची विवरणपत्रे त्यातून आपोआप तयार होत नाहीत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही मुक्त प्रणाली साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळते. ती बसवायला मात्र जाणकार माणूस लागतो, म्हणून ती मोठ्या कारखान्यालाच परवडेल. लहान दुकानदाराने टॅलीसाठी एक परवानाधारक विंडोज संगणक ठेवावा आणि बाकीचे संगणक लिनक्सवर न्यावेत. वर्षाच्या मध्यावर हिशेबाचा प्रोग्राम बदलू नये.

५) यंत्राची परीक्षा : वरील चार गोष्टी जमल्या की लिनक्स मिंटसारखी सोपी आवृत्ती तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवावी. संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करता येतो. आतील विंडोजला धक्का लागत नाही. अशा स्थितीत प्रिंटर, स्कॅनर, वायफाय आणि आवाज एकेक करून तपासावे. एचपीचे पुष्कळ प्रिंटर सहज ओळखले जातात. आपल्या बाजारात खपलेले काही जुने लेझर प्रिंटर मात्र फार त्रास देतात. हे बिल छापायच्या वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तोही लावून पाहावा. पेन ड्राइव्हवरून काम हळू चालते, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये. यंत्रात चार जीबी स्मृती असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, आणि जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविता आली तर फरक लगेच जाणवतो.

सर्व तपासून झाल्यावरच प्रणाली कायमची बसवावी. तत्पूर्वी सर्व फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. बसविताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला की जुने काहीही उरत नाही.

दुकानात बसणारा मुलगा किंवा कारकून यालाही पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. मालकाने ठरविले आणि काम करणाऱ्याला समजले नाही, तर संगणक तसाच पडून राहतो. त्याला पंधरा दिवस द्या, अडचणी वहीत लिहायला सांगा आणि दर शुक्रवारी ती वही पाहा.

या परीक्षेनंतर आपले काम लिनक्सवर भागत नाही असे दिसले, तर परवानाधारक विंडोजवरच राहण्यात काही कमीपणा नाही. भागत असेल, तर चालू यंत्र मोडीत न घालता त्याच्याकडून आणखी काही वर्षे काम घेता येईल आणि नव्या संगणकाचे पैसे मालाच्या खरेदीला उपयोगी पडतील. आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी एवढेच करा : आपला संगणक दिवसभरात कोणकोणती कामे करतो, त्याची यादी कागदावर उतरवा.