नव्या विंडोजवर बस्तान बसवताना

जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. दहा वर्षांत हाताला तिची इतकी सवय झाली आहे की विंडोज ११ समोर आली की आपलेच घर कोणीतरी परस्पर आवरून ठेवल्यासारखे वाटते. खरे तर नवी प्रणाली फारशी अवघड नाही. घोळ होतो तो कामांचा क्रम चुकल्यामुळे. आधी डेस्कटॉप सजवला जातो, मग जुनी मराठी पत्रे वाचता येत नाहीत हे लक्षात येते, आणि तोवर जुना संगणक कोणाला तरी देऊन झालेला असतो. म्हणून पुढील कामे आपण याच क्रमाने करावीत.

१. संगणकाची पात्रता तपासावी. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवणजागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन याचे उत्तर लगेच देते. ४ जीबी हा कागदावरचा किमान आकडा झाला. रोजच्या कामाला ८ जीबी असावी असे माझे मत आहे. संगणक पात्र नसेल तर अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या वाटेला जाऊ नये. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली चांगली चालते.

२. जुन्या संगणकासमोर बसून कागदावर यादी करावी. रोज लागणारी सॉफ्टवेअर, त्यांचे परवाना क्रमांक, प्रिंटरचे मॉडेल, ब्राउझरमधील बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड हे सर्व तीत यावे. डिजिटल सहीचे टोकन वापरत असल्यास त्याच्या ड्रायव्हरचीही नोंद करावी. ड्रायव्हर म्हणजे एखादे उपकरण संगणकाला ओळखता यावे यासाठीचे छोटे सॉफ्टवेअर. विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी ते शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

३. फाइलींची प्रत दोन ठिकाणी घ्यावी. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा ऑनलाइन साठवणुकीत. येथे एक चूक फार वेळा होते. डेस्कटॉपवरील ज्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असतो तो ‘शॉर्टकट’ असतो. तो फाइलकडे जाण्याचा रस्ता आहे. फाइल दुसरीकडेच असते. शॉर्टकट पेन ड्राइव्हवर उतरवला तर हाती काहीच लागत नाही. म्हणून प्रत घेतल्यावर पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात. त्याच संगणकावर विंडोज १० ची ११ करणार असाल, तरीही ही पायरी गाळू नये. अशा बदलानंतर साधारण १० दिवस जुन्या प्रणालीवर परतण्याची सोय असते, पण ती प्रतीची जागा घेऊ शकत नाही.

४. मराठीची व्यवस्था पहिल्याच दिवशी लावावी. या पायरीला वेळ द्यावा लागतो, कारण आपल्याकडील अनेक जुनी कागदपत्रे श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. या फॉन्टमध्ये साठवलेली अक्षरे मुळात इंग्रजी असतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेतांक असतो, त्यामुळे मजकूर कोणत्याही आधुनिक संगणकावर वाचता येतो.

आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे सोपे आहे. ती वर्डमध्ये उघडून मजकूर निवडावा आणि फॉन्ट बदलून ‘निर्मला यूआय’ करावा. मराठी मराठीच राहिली तर फाइल युनिकोडमध्ये आहे. खिचडी झाली तर जुन्या फॉन्टमध्ये आहे. पाहून झाल्यावर कंट्रोल आणि झेड दाबून बदल मागे घ्यावा. जुन्या फॉन्टमधील महत्त्वाच्या कागदपत्रांची जुन्या संगणकावरच पीडीएफ करून ठेवावी, कारण पीडीएफमध्ये अक्षरांचे रूप सहसा सोबत जाते. फॉन्ट वापरण्याचा परवाना आपल्याकडे असेल तर तेही सोबत घ्यावेत. पुढे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना जोडाक्षरे, रफार आणि आकडे डोळ्यांखालून घालावेत. सातबारा, करारनामे किंवा इतिवृत्ते असतील तर एकही ओळ न तपासता पुढे पाठवू नये.

नव्या संगणकावर ‘सेटिंग्ज’मधील ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन मराठी भाषा जोडावी. त्यानंतर मराठीच्या पर्यायांत कीबोर्ड निवडता येतो. इनस्क्रिप्ट येत असल्यास ‘मराठी’ हा कीबोर्ड घ्यावा. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने उजव्या हाताला असतात. रोमन अक्षरांतून टंकण्याची सवय असल्यास ‘मराठी फोनेटिक’ घ्यावा. नव्याने शिकणाऱ्यांनी पंधरा दिवस काढून इनस्क्रिप्टच शिकावे असा माझा आग्रह राहील. तो हातात बसला की सुचवलेल्या शब्दांतून निवड करत बसावे लागत नाही. भाषा बदलण्यासाठी विंडोजची खूण असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबावेत. जुन्या फाइलींतील ‘मंगल’ फॉन्ट दिसत नसेल तर घाबरू नये. तो आता देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात येतो आणि ‘ऑप्शनल फीचर्स’मधून जोडता येतो.

५. रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. अनेक नव्या संगणकांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, म्हणजे तिच्यावरील माहिती सांकेतिक रूपात साठवली जाते. काही बिघाड झाला तर ४८ अंकी क्रमांक मागितला जातो. हा क्रमांक बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असतो. तो आजच पाहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा.

६. पहिला आठवडा फक्त दोन-तीन बदल करावेत. स्टार्टचे बटण मध्यभागी खटकत असेल तर टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ते डावीकडे घेता येते. उजव्या क्लिकची जुनी, लांब यादी हवी असेल तर शिफ्ट दाबून उजवी क्लिक करावी. विंडोज कळीसोबत ई दाबले की फाइलींची खिडकी उघडते, डी दाबले की डेस्कटॉप दिसतो आणि व्ही दाबले की आधी कॉपी केलेल्या मजकुरांची यादी मिळते. ही यादी पहिल्या वेळी सुरू करावी लागते. एवढे पुरे. रंग, चित्रे, विजेट यांकडे नंतर पाहता येईल.

७. मग डेस्कटॉप आवरायला घ्यावा. डेस्कटॉप हासुद्धा एक फोल्डरच आहे आणि तो सहसा सी ड्राइव्हवर, विंडोजच्याच शेजारी असतो. संगणक फॉरमॅट करताना डी ड्राइव्ह सुरक्षित ठेवणारे अनेक जण डेस्कटॉपवरची कागदपत्रे मात्र गमावतात, ती यामुळेच. डेस्कटॉपला कामाचे टेबल समजावे. आज चालू असलेले काम त्यावर असावे, संपलेले कपाटात जावे.

आवरताना एकेक फाइल उघडून निर्णय घेत बसू नये. त्यात दुपार जाते आणि काम अर्धवटच राहते. ‘जुना डेस्कटॉप’ असे एक फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये करून सगळ्या फाइली त्यात हलवाव्यात. पुढच्या महिनाभरात ज्या फाइलीची गरज पडेल तीच बाहेर काढून योग्य जागी ठेवावी. कपाटातील फोल्डर विषयांनुसार असावेत: घर, बँक व कर, आरोग्य, मुलांचे शिक्षण, सोसायटी, लेखन. सहा-सात पुरतात आणि प्रत्येकाच्या पोटात वर्षांचे फोल्डर करावेत. रोजची सॉफ्टवेअर टास्कबारवर पिन केली की त्यांचे शॉर्टकट डेस्कटॉपवरून काढता येतात. शॉर्टकट पुसल्याने सॉफ्टवेअर जात नाही.

याच वेळी वनड्राइव्हचीही तपासणी करावी. मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केल्यास डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर ऑनलाइन साठवणुकीशी जोडली गेलेली असू शकतात. मोफत जागा ५ जीबी आहे, ती छायाचित्रांनी लवकर भरते. जोडणी बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये शोधाव्यात. बहुधा त्या तेथेच असतात. आणि जोडलेल्या फोल्डरमधून काही पुसले तर ते ऑनलाइन आणि इतर उपकरणांवरूनही जाते, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

८. फाइलींना तारखेने सुरू होणारी नावे द्यावीत. ‘पत्र नवीन’, ‘पत्र अंतिम’, ‘पत्र अंतिम २’ यांतले खरे कोणते हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि पुढे विषय असे नाव दिले, उदाहरणार्थ ‘२०२५-११-०३ सोसायटी पाणीपट्टी’, तर फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. सगळीकडे एकाच लिपीतील अंक वापरावेत.

९. जुना संगणक किमान महिनाभर जवळ ठेवावा. या काळात दुसऱ्या पायरीतील यादीवर एकेक खूण करत जावे. सगळ्या खुणा झाल्या, प्रिंटर चालला, डिजिटल सही झाली आणि जुनी पत्रे नीट उघडली, की मगच त्यातील खात्यांतून साइन आउट करावे. नंतर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून, पुढील सेटिंग्जमध्ये डिस्क पूर्ण साफ करण्याचा पर्याय चालू करावा. याला काही तास लागू शकतात, त्यामुळे चार्जर लावून ठेवावा आणि काम पूर्ण झाल्याचे स्वतः पाहिल्यावरच संगणक दुसऱ्याच्या हाती द्यावा.