उपनगरातला महिना : कुठे हात आखडावा, कुठे सैल सोडावा

घराचा हप्ता, मुलांची फी, विम्याचा हप्ता यांवर आपल्याकडे घरोघरी चर्चा होते. स्टेशनपासून घरापर्यंतच्या दोन-अडीच किलोमीटरांवर मात्र कोणी बोलत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही राहा, महिन्याच्या खर्चातली मोठी गळती अनेकदा तिथेच असते.

१ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे दीड किलोमीटरला २६ रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. म्हणजे अडीच किलोमीटरचे ४३ रुपये. जाऊन-येऊन ८६. कामाचे २५ दिवस धरले तर २,१५० रुपये. आता तेच अंतर बेस्टने जा. ९ मे २०२५ च्या भाडेवाढीनंतर पाच किलोमीटरपर्यंत साध्या बसला १० आणि एसी बसला १२ रुपये पडतात. रोज एसी बसने गेलात तरी महिन्याचे ६०० रुपये होतात. फरक १,५५० रुपयांचा, वर्षाचा १८,६०० रुपयांचा. भाडेवाढीवर लोक चिडले आणि ते रास्तच होते, पण वाढीनंतरही बस रिक्षापुढे स्वस्तच आहे. बस कुठवर आली ते चलो ॲपवर पाहून ऑफिसातून किंवा घरातून निघालात तर थांब्यावर ताटकळावे लागत नाही. मुसळधार पावसात, बरे नसताना, रात्री उशिरा किंवा दोन्ही हातांत पिशव्या असताना खुशाल रिक्षा करा. सवय म्हणून रोज करू नका, एवढेच.

लोकलच्या पासाचे गणित फार थोड्यांना ठाऊक असते. तिमाही पास मासिक पासाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट दराने मिळतो. वर्षाचा पास एकदम काढला तर सव्वा महिन्याचा प्रवास जवळपास फुकट पडतो. नोकरी पक्की असेल तर वार्षिक घ्यावा, नसेल तर तिमाही. दर महिन्याला नवा काढणे हा सगळ्यांत महागडा पर्याय. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. तिचा पूर्ण ११.४ किलोमीटरचा प्रवास ४० रुपयांत होतो. मीटरप्रमाणे रिक्षाने तेवढेच अंतर दोनशेच्या घरात जाते, शिवाय साकीनाक्याची कोंडी वेगळी.

वाचलेल्या १,५५० रुपयांचे काय करायचे? माझे मत स्पष्ट आहे. हजार ठेवीत घाला, साडेपाचशे आनंदात घाला. दोन्ही ठरवून करा, नाहीतर ते पैसे घरपोच जेवणाच्या बिलात कधी विरघळले ते कळणारही नाही.

हजारासाठी टपाल कार्यालयातली आवर्ती ठेव पुरे. मुदत पाच वर्षांची. व्याजदराचा सरकार दर तिमाहीला आढावा घेते, पण खाते उघडताना जो दर असेल तोच शेवटपर्यंत राहतो. ६.७ टक्क्यांनी महिना हजार रुपये भरले की ६० हजारांचे साधारण ७१,३६६ होतात. श्रीमंत करणारी ही रक्कम नव्हे. पण क्रेडिट कार्डाचे फक्त ‘किमान देय’ भरून उरलेल्या बाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज मोजणाऱ्या घरापेक्षा हे घर कितीतरी सुखात असते. कार्डाची बाकी असेल तर ठेव नंतर, आधी ती बाकी फेडा.

आणि ठेव कुठे ठेवता ते नीट पाहा. आपल्या उपनगरांनी याची फार मोठी किंमत मोजली आहे. भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढायची परवानगी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवरही निर्बंध आले आणि तिच्या शाखांबाहेर रांगा लागल्या. पुढे ४ ऑगस्ट २०२५ ला ती सारस्वत बँकेत विलीन झाली, पण मधल्या महिन्यांत लोकांचा जीव टांगणीला लागला होता तो होताच. तेव्हा एवढे लक्षात ठेवा : ठेव विमा एका बँकेत एका व्यक्तीला मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंतच आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागले तरी मर्यादा तीच राहते. निवृत्तीची सगळी पुंजी अर्धा टक्का जास्त व्याजासाठी एकाच छोट्या बँकेत ठेवू नका. आठवड्याला व्याज देतो म्हणणाऱ्याच्या तर दारातही उभे राहू नका.

आता उरलेले साडेपाचशे. इथे मात्र कंजुषी नको.

नाटक हा आपल्याकडचा अजूनही परवडणारा मोठा आनंद आहे. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास आणि अंधेरीकरांना जवळचे पार्ल्याचे दीनानाथ ही तिन्ही महापालिकेची नाट्यगृहे आहेत. तिकिटे साधारण दोनशे-तीनशेपासून पाचशेपर्यंत असतात. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, हेही लक्षात असू द्या. खिडकीवर काढलेत तर ऑनलाइनचा अधिभार वाचतो आणि बाल्कनीत पहिली रांग मिळाली तर खालच्या मागच्या खुर्च्यांपेक्षा रंगमंच चांगला दिसतो. मल्टिप्लेक्समध्ये जायचे तर मंगळवार गाठा, त्या दिवशी अनेक ठिकाणी तिकीट स्वस्त असते. मध्यंतरातल्या पॉपकॉर्नची किंमत मात्र तिकिटाला लाजवते. ती टाळा.

ग्रंथालयाची वर्गणी ही तर मला घरखर्चातली सगळ्यांत हुशार नोंद वाटते. एक नवी कादंबरी चारशे-पाचशेला पडते. तेवढ्यात मराठी ग्रंथालयाची कित्येक महिन्यांची वर्गणी निघते आणि अनामत रक्कम सोडताना परत मिळते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे. दिवाळीत यांतल्या कुठल्याही संस्थेत दिवाळी अंकांची वेगळी योजना आहे का, ते आवर्जून विचारा. घरी चार-पाच अंक विकत घ्यायचे म्हटले तरी दीड-दोन हजार रुपये मोडतात.

फुकटात काय मिळते? अंधेरीचा गिल्बर्ट हिल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दोनशे फुटी कातळ, पायऱ्या चढून वर गेले की गावदेवीचे देऊळ आणि चहूकडे पसरलेली अंधेरी. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी, बोरिवलीची मंडपेश्वर लेणी, वर्सोव्याचा किनारा. बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईचा पॅगोडा पाहायचा तर फक्त बोटीचे पैसे, पॅगोड्यात प्रवेश मोफत.

पण वर्षातला एक रविवार मी कान्हेरीसाठी राखून ठेवायला सांगेन. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेश शुल्क माणशी शंभराच्या आसपास असते आणि अधूनमधून वाढते. लेण्यांचे वेगळे तिकीट पंचवीस रुपयांच्या घरात. सोमवारी बंद. डबा घरून न्या. शंभरावर लेणी आहेत, पण धावतपळत सगळी पाहू नका. एखाद्या छोट्या लेण्यात जा, भिंतीलगत कोरलेल्या दगडी ओट्यावर बसा, बाहेरचे पाण्याचे टाके पाहा. पावसाचे पाणी त्यात कसे वळवले होते त्या दगडातल्या पन्हळी अजून बोटाने चाचपता येतात. इथल्या शिलालेखांत देणग्यांचे हिशेब कोरलेले आहेत. त्यांतल्या एका दात्याने मागाठाण्यातले शेत दिले आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालावा, अशी व्यवस्था लावली. मुद्दलाला हात लावायचा नाही, येणाऱ्या पैशांवर गरज भागवायची. दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वी बोरिवलीत हा विचार पक्का होता आणि ते मागाठाणे आज मेट्रोचे स्थानक आहे.

खाण्याचे एवढेच सांगतो : घाटकोपरच्या खाऊगल्लीत महिन्यातून एकदा जा आणि दोघांत तीन पदार्थ वाटून खा. रोज संध्याकाळी स्टेशनबाहेर उभे राहून खाणे हे पोटाला आणि पाकिटाला दोन्हीकडून महाग पडते.

या महिन्याचा पगार जमा झाला की त्याच दिवशी आवर्ती ठेवीचा हप्ता भरा, आणि पहिल्याच शनिवारी जवळच्या ग्रंथालयाचा अर्ज घेऊन या. इथे दिलेली भाडी आणि व्याजदर बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या त्या खिडकीवर एकदा विचारून घ्या.